अगाऊ उपकारस्तुती

२ फेब्रुवारी

ति. मामांना,
प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

फोन केला होता. तुम्ही सहा वेळा 'हॅलो' म्हणालात आणि सातव्यांदा 'चुकीचा नंबर' म्हणून ठेवून दिलात. म्हणून पत्र. नाहीतरी मला बोलण्यापेक्षा लिहिणं बरं पडतं. बोललेलं खोडता येत नाही.

बातमी चांगली नाही. दादाच्या जहाजाशी एकोणीस दिवस संपर्क नाही. चौदा जानेवारीला त्याचा शेवटचा निरोप आला : 'समुद्र शांत आहे, पिठात किडे झालेत, बाकी ठीक.' नंतर काहीच नाही. जहाज जुनं, सिमेंटच्या पोत्यांनी भरलेलं. माणसं एकवीस, आणि त्या एकविसांचा स्वयंपाकी आपला दादा. वहिनी रोज सकाळी कंपनीच्या एजंटकडे जाते. चपलांच्या दुकानावर एक खोली आहे, तिच्यात एक कारकून बसतो. तो रोज एकच वाक्य म्हणतो, "वरून काही आलं की कळवू." वहिनीनं परवा विचारलं, "आणखी किती वर? तीन जिने चढून आलेय मी."

आणि नेमकं याच वेळी आमच्या चर्चच्या मंडळीत आनंदवर्ष चालू आहे. काचकारखाना बंद पडल्यापासून अकरा घरांत कमावतं माणूस बसून आहे, म्हणून उपासनेला लोकांचे चेहरे उतरलेले असतात. आमचे तरुण पाळकसाहेब एका शिबिराला जाऊन आले आणि म्हणाले, ख्रिस्ती माणसाची ओळख आनंद. ते खरंच आहे, मी नाही म्हणत नाही. पण लगेच समिती झाली. अध्यक्ष आपले दंतवैद्य. त्यांचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे, चाळीस वर्षं ते लोकांना 'दुखणार नाही' असं सांगत आलेत. सचिव मी, कारण माझं अक्षर चांगलं आहे.

उपासनाघराच्या दाराशी आनंदफलक लावला आहे. प्रत्येक घराचा एक चौकोन. आठवडा आनंदात गेला असेल तर चौकोनात पिवळा कागदी सूर्य चिकटवायचा. दोन आठवडे सूर्य दिसला नाही तर समिती घरी भेटीला येते. ते सूर्य मी कापते. वहिनी म्हणाली, "आपल्या चौकोनात लावू नका हं, वन्सं." मी लावला. सचिवाच्याच घराचा चौकोन रिकामा कसा दिसेल, असं वाटलं. घरी येऊन वहीत लिहिलं : 'आज विश्वासानं सूर्य लावला.' मग 'विश्वासानं' खोडून 'भीतीनं' लिहिलं, आणि तेही पूर्ण खरं वाटेना.

दादासाठी प्रार्थना करा.

तुमची,
टीपकागद


९ फेब्रुवारी

चि. टीपकागद हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. चष्मा पुसून दोनदा वाचलं. तुझ्या दादासाठी प्रार्थना करतो आहे. किती वेळ आणि कशी ते विचारू नकोस, तू वहीत उतरवून ठेवशील. लहानपणापासून जे सांडेल ते टिपत आलीस, म्हणून तर हे नाव पडलं.

आनंदाची साथ आमच्या या निवृत्त पाळकांच्या निवासातही आली आहे. नवे व्यवस्थापक सकाळी सहाला आम्हा म्हाताऱ्यांना अंगणात गोल उभं करतात. हात वर, हा हा हा. हात खाली, हो हो हो. परवा माझ्या शेजारच्या खोलीतल्या वडीलधाऱ्या बंधूंची कवळी तिसऱ्या 'हा'ला बाहेर पडून नळापर्यंत गेली. तेव्हा सगळे खरोखर हसले, तर व्यवस्थापक ओरडले, "शिस्त! शिस्त!"

एक विचारू? तुझ्या पत्रात आकडे पुष्कळ आहेत. एकोणीस दिवस, एकवीस माणसं, अकरा घरं, तीन जिने. वहिनीबरोबर ते तीन जिने तू किती वेळा चढलीस, तो आकडा सापडला नाही.

रागावू नकोस. म्हाताऱ्या पाळकाला दुसऱ्याच्या घरात डोकवायची सवय असते, ती निवृत्त होत नाही.

तुझा,
मामा


१७ फेब्रुवारी

ति. मामांना,
सप्रेम सलाम.

तुमचा प्रश्न झोंबला. उत्तर : एकदाही नाही. एजंटचं ऑफिस दहाला उघडतं आणि माझं ग्रंथालयही दहाला. हे कारण खरं आहे. पण अर्ध्या दिवसाची रजा मी गेल्याच आठवड्यात काढली होती, सूर्य कापायला. हे दोन्ही शेजारी-शेजारी लिहिलं की कारण कसं दिसतं ते मला कळतं.

इकडे गोष्टी वाढल्या आहेत. फलक पुरेसा नाही असं ठरून आनंदपत्रक निघालं. तीन रकाने : 'संकट', 'संकटातला आनंद', आणि 'आनंदाचे प्रमाण, दहापैकी'. कारखान्यातल्या एका भट्टीवाल्यानं लिहिलं : 'नोकरी गेली. आता डाव्या कुशीवरही झोपायला वेळ मिळतो. नऊ.' दंतवैद्यांना ते इतकं आवडलं की त्यांनी उपासनेत वाचून दाखवलं. भट्टीवाला शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसला होता. त्यानं ते चिडून लिहिलं होतं, हे मला त्याचा कागद हातात घेताना कळलं होतं, पेन्सिल कागदातून आरपार गेली होती. पण मी बोलले नाही.

वहिनीनं 'संकट'मध्ये लिहिलं, 'नवरा समुद्रात.' दुसरा रकाना कोरा. तिसऱ्यात, 'एजंटला विचारा.'

साहजिकच दंतवैद्य भेटीला आले.

"बाई, चेहरा जरा सैल सोडा."

"सोडलाय, डॉक्टर. हा असाच आहे."

"आनंद ही आज्ञा आहे. भावना नव्हे, आज्ञा!"

"दाढ काढण्याआधी तुम्ही बधिर करायला सुई देता ना? मला सुईसुद्धा न देता म्हणताय, हसा."

ते गेल्यावर मी वहिनीशी बोलले. आता वाटतं, बोलायला नको होतं. मी तिला आईचं उदाहरण दिलं. बाबा गेले तेव्हा मी बारा वर्षांची होते. आई अंत्यविधीला कोरड्या डोळ्यांनी उभी राहिली, एक थेंब नाही, आणि सगळी मंडळी म्हणाली, काय हा विश्वास! तुम्हीच तो विधी चालवला होता, मामा. त्यानंतर कितीदा तरी तुमच्या उपदेशात ते उदाहरण मी ऐकलं आणि दर वेळी मला आईचा अभिमान वाटला. वहिनीला म्हटलं, "सासूबाईंकडे बघ." ती म्हणाली, "सासूबाई चार वर्षं माझ्याजवळ होत्या. तुम्ही ज्या बाईबद्दल बोलताय ती कुणी दुसरीच." आणि कपडे वाळत घालायला गेली.

समितीनं काल ठराव केला : पंधरा मार्चच्या रविवारी दादाच्या सुखरूप परतण्याबद्दल अगाऊ उपकारस्तुती. म्हणजे, तो अजून आला नाही, पण येणारच असा विश्वास धरून आधीच आभार मानायचे. दंतवैद्य म्हणाले, आल्यावर आभार कुणीही मानेल, त्यात विश्वास कसला? या वाक्याला मला उत्तर सुचलं नाही. तुम्हाला सुचतं का? आईबद्दल वहिनीला चार ओळी लिहाल का? तुमचं ती ऐकेल.

टीपकागद


२४ फेब्रुवारी

चि. टीपकागद,

पाय सुजला आहे. हे पोस्टकार्ड झोपून लिहितो आहे. उत्तर सवडीनं देईन. तोवर आईचं उदाहरण कुणाला देऊ नकोस.

मामा


१ मार्च

ति. मामांना,
सप्रेम सलाम.

पाय कसा आहे? गरम पाण्याच्या पिशवीनं शेका आणि व्यवस्थापकांना सांगा की सुजलेल्या पायानं हसता येत नाही.

कार्ड वाचून मी जरा रागावले, कबूल करते. तुम्हाला उदाहरण विचारलं तर तुम्ही पाय दाखवलात. 'देऊ नकोस' का? तुम्ही स्वतः तेच देत आलात ना?

पंधरा तारखेची तयारी जोरात आहे. वहिनीनं साक्ष द्यायची, म्हणजे सगळ्यांसमोर उभं राहून देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं, असं ठरलं. तिनं नकार दिला. आमच्याकडे अशी पद्धत आहे की ज्याला लिहिता येत नाही त्याची साक्ष सचिवानं लिहून द्यायची. वहिनीला लिहिता येतं, पण समितीच्या मते 'आनंदाचं लिहिता येत नाही' म्हणजे तेच. मी लिहिली. तीन खर्डे झाले. त्यात एक वाक्य आहे : 'माझे पती सागरावर असले, तरी माझे हृदय बंदराला लागले आहे.' लिहिलं तेव्हा मला ते इतकं आवडलं की मी खोलीत एकटीच ते मोठ्यानं वाचलं. वहिनीला दाखवलं. तिनं कागद परत दिला आणि म्हणाली, "माझं हृदय कुठे लागलंय ते मला तरी विचारायचं होतंत, वन्सं."

ती वाचणार नाही, म्हणून तिच्या वतीनं मी वाचायचं आहे.

शिवाय केक आहे, जहाजाच्या आकाराचा. त्यावर चाळीस मिनिटं चर्चा झाली. रंग राखाडी असावा की निळा? निळा आशेचा, असं पाळकसाहेब म्हणाले. जहाजं निळी नसतात, असं दंतवैद्य म्हणाले. अखेर खाली निळा, वर राखाडी. सगळी नोंद माझ्याच अक्षरात आहे.

आज सेहेचाळीस दिवस झाले. वहिनी घरी येते, चपला काढते, पाणी पिते आणि कामाला लागते. मी तिला काही विचारत नाही. विचारलं तर पुन्हा तेच उत्तर येईल, आणि मग पत्रकात काय भरू?

टीपकागद


९ मार्च

चि. टीपकागद हिस,
आशीर्वाद.

पाय बरा आहे. खरं सांगायचं तर इतका सुजलाही नव्हता.

तुझी आई रडली होती.

अंत्यविधी सुरू व्हायच्या आधी ती मला म्हणाली, "भाऊ, मला उभं राहवत नाही." बाहेर मंडळी जमली होती. त्यात परगावचे पाहुणे पाळकही होते. मी तरुण होतो, माझी पहिलीच मोठी मंडळी. पाळकाची बहीणच हंबरडा फोडायला लागली तर साक्ष बिघडेल, असं माझ्या मनात आलं. हेच शब्द, 'साक्ष बिघडेल.' मी तिला मागच्या सामानाच्या खोलीत नेलं, रचून ठेवलेल्या खुर्च्यांच्या मागे बसवलं आणि बाहेरून कडी लावली. वीस मिनिटं. तिचा आवाज येत होता, म्हणून मी पेटी वाजवणाऱ्याला सांगितलं, जरा मोठ्यानं वाजव. मग कडी काढली, तिला तोंड धुवायला पाणी दिलं आणि बाहेर आणून उभं केलं. डोळे कोरडे होते. असणारच.

पुढच्या रविवारी मी त्या कोरड्या डोळ्यांवर उपदेश केला. लोकांना फार भिडला. मग दुसऱ्या गावी केला, मग तिसऱ्या. बत्तीस वर्षांत किती वेळा केला ते तुझ्यासारखं टिपून ठेवलेलं नाही, पण निवृत्तीच्या समारंभातही तोच केला. तू पहिल्या रांगेत होतीस.

तुझ्या आईनं हा विषय माझ्याकडे एकदाच काढला, ती आजारी होती तेव्हा. म्हणाली, "भाऊ, कडी का लावलीस रे?" मी म्हटलं, "लोक आत आले असते." ती म्हणाली, "येऊ द्यायचे होतेस."

दंतवैद्यांच्या वाक्याला उत्तर मागितलं होतंस. माझ्यापाशी नाही. मी कडी लावणारा माणूस, मी काय उत्तर देणार? पण तुझ्या खोलीला अजून कडी लागलेली नाही.

वहिनीला चार ओळी लिहीत नाही. तिला हेच पत्र दाखव.

मामा


१९ मार्च

ति. मामांना,
सलाम.

तुमचं पत्र शनिवारी आलं. मी ते तीनदा वाचलं आणि वहिनीला दिलं. तिनं वाचून घडी घातली आणि म्हणाली, "मला सासूबाईंनी सांगितलं होतं." मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंस? "तुम्हाला त्या गोष्टीचा किती अभिमान होता, वन्सं."

तुमच्यावर रागावले आहे का ते मला अजून कळलेलं नाही. कळलं की लिहीन. आधी रविवारचं सांगते.

उपासनाघर भरलेलं होतं. समोर टेबलावर निळी चादर आणि तिच्यावर केक, दोन हात लांब. बिस्किटाचं धुराडं, गोळ्यांच्या खिडक्या, आणि डेकवर पांढऱ्या टोपीतला साखरेचा एवढासा माणूस. तो दादा. माझं नाव पुकारलं. मी साक्षीचा कागद घेऊन उभी राहिले. म्हणाले, "ही साक्ष मी लिहिली आहे. वहिनी यातलं एकही वाक्य बोललेली नाही. आमच्या चौकोनातला सूर्यही मीच लावत होते." आणि बसले.

मला वाटलं होतं, आता छप्पर कोसळेल. दंतवैद्य म्हणाले, "किती ही नम्रता!" आणि टाळ्या झाल्या. मामा, मी आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत खरं बोलले आणि त्याला टाळ्या पडल्या. कार्यक्रम पुढे सरकला.

मग दंतवैद्यांनी वहिनीच्या हातात सुरी दिली. "या बाई, तुमच्या हातानं."

वहिनी सुरी घेऊन जहाजासमोर उभी राहिली. तेव्हा, फक्त तेव्हा, ते सगळ्यांच्या लक्षात आलं. रंगावर चाळीस मिनिटं चर्चा करणाऱ्या आम्हा सात जणांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं की केक म्हटला की कापावा लागतो.

"कुठून कापू?" वहिनीनं विचारलं.

"मधून..." दंतवैद्य म्हणाले आणि त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. "नाही, नाही, मधून नको. मागच्या बाजूनं... थोडंसंच..."

"मागून पाणी शिरेल, डॉक्टर."

आणि ती हसली. मामा, दोन महिन्यांत पहिल्यांदा. आधी नाकातून, मग पोट धरून. सुरी खाली ठेवून तिनं टेबलाचा आधार घेतला. "अहो, समुद्रानं नाही बुडवलं, तर तुम्ही कापायला काढलंत!" भट्टीवाला शेवटच्या बाकावरून फिस्सकन हसला. त्याची बायको हसली. मग आम्ही सगळे. आणि त्या हसण्यातच वहिनीला रडू फुटलं. कुणी तिला कुठे नेलं नाही. भट्टीवाल्याची बायको पुढे आली आणि तिच्याजवळ जमिनीवरच बसली. मग मी बसले. पाळकसाहेब पायरीवर टेकले आणि म्हणाले, "यापुढे काय करतात ते शिबिरात सांगितलं नव्हतं." मला ते त्या दिवशी पहिल्यांदा आवडले.

तासभर आम्ही तसेच बसलो. अधूनमधून कुणीतरी प्रार्थना करी, साधी, दोन ओळींची. 'त्याला आण. आमच्यानं राहवत नाही.' भट्टीवाल्यानं गीत उचललं तेही इतक्या वरच्या पट्टीत की दुसऱ्या कडव्याला सगळ्यांनी सोडून दिलं.

केक कुणी कापला नाही. तीन दिवसांत मुंग्यांनी संपवला.

सोमवारी मी वहिनीबरोबर तीन जिने चढले. मंगळवारीही, बुधवारीही. कारकुनानं आता दुसरी खुर्ची आणून ठेवली आहे. पण एक विचारते : सूर्य खोटे, साक्ष खोटी, आईचे कोरडे डोळेही खोटे. मग आशा म्हणून हातात काय उरलं?

टीपकागद


२५ मार्च

चि. टीपकागद,
आशीर्वाद.

तुझं पत्र शेजारच्या बंधूंना वाचून दाखवलं. 'मागून पाणी शिरेल'ला कवळी पुन्हा पडली. या वेळी अंगणात नसल्यामुळे लवकर सापडली.

रागाचं कळलं की जरूर लिही. मी वाट पाहतो आहे.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला विचारू नकोस. एकोणऐंशी वर्षांचा निवृत्त पाळक, पुस्तकातलं सांगेन. तुझी वहिनी दोन महिने रोज तीन जिने चढते. ज्या बाईला आशा नाही ती पहिल्या आठवड्यातच चढायचं सोडते. तिनं कुठल्या पत्रकात भरलं नाही म्हणून तुम्हा सात जणांना दिसलं नाही.

मी व्यवस्थापकांना लेखी कळवलं आहे की सकाळी सहाला मला हसू येत नाही, पण चारच्या चहाला येतं. त्यांनी अर्ज विचारार्थ ठेवला आहे.

मामा


२ एप्रिल

ति. मामांना,
सप्रेम सलाम.

तार केली ती मिळाली असेलच. तरी पुन्हा लिहिते, लिहिताना बरं वाटतं : दादा जिवंत आहे.

शनिवारी आम्ही एजंटच्या इमारतीपाशी पोचलो, तर कारकून जिन्यावरून धावत खाली येत होता, एका पायात चप्पल. वहिनी म्हणाली, "वरून आलं का?" तो मान हलवत हलवत पायरीवरच बसला.

इंजिन बंद, वायरलेस बंद, जहाज वाहवत गेलं होतं. पावसाचं पाणी साठवून, मासे धरून दिवस काढले. शेवटी मासेमारीच्या एका बोटीला दिसले. दादाचा फोन आला तेव्हा त्याचं पहिलं वाक्य, "पीठ गेल्या आठवड्यात संपलं गं." वहिनी म्हणाली, "किडे काढले होतेस का?" आणि खालीच बसली. फोन मी धरून उभी राहिले.

एकवीसपैकी वीस जण परतले. इंजिनाला तेलपाणी करणारा एक माणूस होता, सगळे त्याला तेलवाला म्हणत. तो तापानं गेला. त्याला समुद्रातच सोडावं लागलं. पंधरा मार्चला, मामा. आम्ही इथे माझ्या नम्रतेला टाळ्या वाजवत होतो, त्या रविवारी.

मला आनंद झाला आहे. तो तेलवाल्याच्या बातमीआधी झाला आणि बातमीनंतरही गेला नाही. त्याची लाज वाटते. लाज वाटूनही तो जात नाही. हे वहीत कसं लिहावं ते समजेना, म्हणून तुम्हाला लिहिते.

रविवारी दुपारी दंतवैद्य आले, हातात सूर्यांचा अख्खा गठ्ठा. माझ्या हातांनी कापलेले. "बघा! अगाऊ उपकारस्तुती फळली! बारा एप्रिलला महाउपकारस्तुती. या वेळी साक्ष तुम्ही स्वतः द्यायची, बाई. आणि पुढे प्रत्येक संकटाला आपण हीच पद्धत लावायची."

वहिनी भांडी पुसत होती. म्हणाली, "डॉक्टर, तेलवाल्याच्या बायकोनं अगाऊ उपकार मानले नव्हते, म्हणून का?"

आयुष्यभर दुसऱ्यांना 'आ करा' म्हणणाऱ्या माणसाचा आ तसाच राहिला. मला हसू आलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी निखळलं. गठ्ठा टेबलावर ठेवून ते गेले. पण महाउपकारस्तुती रद्द नाही, पत्रिका छापून झाल्या आहेत.

दादा सात तारखेला येईल. वहिनी म्हणते, तो आला की दोघं आधी तेलवाल्याच्या घरी जाणार. बसनं पाच तास. मी म्हटलं, आधी चार दिवस घरी राहा, त्याला खाऊपिऊ घाल. म्हणाली, "तिथेच घालीन. तिच्याही घरी चूल पेटवायला कुणी असायला हवं."

आणि मामा, रागाचं कळलं. आहे. पण इकडे एकदा या. पत्रात तो नीट करता येत नाही.

टीपकागद


११ एप्रिल

मामा,

सलाम. मी पत्रं लिहीत नाही, वन्संचं खातं आहे ते. पण तुम्ही आमच्यासाठी रोज प्रार्थना केलीत, म्हणून लिहिते.

आम्ही तेलवाल्याच्या घरी आहोत. आलो त्या दिवशी त्याच्या बायकोनं दार उघडलं, यांच्याकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "तुमचा आला ना? मग इथे कशाला आलात?" मी म्हटलं, "तो आला म्हणूनच." तिनं दार लोटलं नाही, पण आत या असंही म्हणाली नाही. आम्ही ओट्यावर बसलो. तासाभरानं तिनं पाणी आणून दिलं.

दोन दिवस ती यांच्याशी बोलली नाही. मी स्वयंपाक करायची, ती ताट बाजूला सारायची. मला वाटलं, आपण चुकलो, जखमेवर मीठच चोळायला आलो. यांना म्हटलं, उद्या निघू या.

आज दुपारी हे कांदा चिरत होते. चिरता चिरता आपणच बोलायला लागले. तेलवाला म्हणे सातव्या आठवड्यातही रोज संध्याकाळी डेकवर एक विनोद सांगायचा. पाणी वाटीनं मोजून मिळत होतं तेव्हाही. एक सासूचा आणि छत्रीचा विनोद होता, तो यांनी सांगितला. यांना विनोद सांगता येत नाही हे तुम्हाला माहीत आहे. शेवट पार घालवला.

ती कोपऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. म्हणाली, "असा नाही तो. छत्री सासूची नसते, जावयाची असते." आणि मग तिनं पहिल्यापासून सांगितला. हात हलवून, आवाज काढून, तो सांगायचा तसा. मामा, इतकं हसलो आम्ही की शेजारच्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. कुणी मेलंय त्या घरात हे काय, असं त्यांच्या तोंडावर होतं. मी त्यांना म्हटलं, या, आत या.

त्या आत आल्या. बसल्या. कुणी रडलं, कुणी नाही.

उद्या महाउपकारस्तुती आहे. यांनी वन्संना फोन करून सांगितलंय की दंतवैद्यांना कळवा, आमची वाट पाहू नका. आत्ता ती यांच्यासमोर पाट ओढून बसली आहे आणि म्हणतेय, आणखी कुठला कुठला सांगायचा तो, सगळे सांगा, मी दुरुस्त करते.

तुमची,
सूनबाई